मदत हवी आहे: दुबईत अडकलेले बेदाण्याचे पैसे. आपला वाणिज्य दूतावास यात नेमकं काय करू शकतो?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

तासगाव तालुक्यात आमचा बेदाण्याचा धंदा आहे. स्वतःची बाग, स्वतःचं शेड, शिवाय आसपासच्या पंधरा-वीस शेतकऱ्यांचा माल दादा घेतो. आजवर सगळं सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात जायचं. गेल्या वर्षी दादाने आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक काढून थेट निर्यात सुरू केली. दुबईच्या एका खरेदीदाराने पहिल्या कंटेनरचे पैसे अगदी वेळेत दिले. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, आता ओळख झाली, डीएवर द्या, साठ दिवसांत रक्कम जमा करतो. दादाने विश्वास ठेवला. डीए म्हणजे खरेदीदाराने हुंडी स्वीकारली, ठरल्या तारखेला पैसे देईन असं लिहून दिलं, की मालाचे कागद त्याला मिळतात, पैसे नंतर. त्याने तिकडच्या बँकेत हुंडी स्वीकारली, कागद सोडवले, माल उचलला.

आज एकशे दहा दिवस झाले. ३८ लाख रुपये अडकलेत. आधी "पुढच्या आठवड्यात नक्की", मग अचानक "माल काळा पडलाय, निम्मेच देईन", आणि आता फोनच उचलत नाही.

यातले निम्म्याहून जास्त पैसे शेतकऱ्यांचे आहेत. काल आमच्या शेजारचे एक आजोबा शेडवर आले. पैशांचा विषयसुद्धा काढला नाही, चहा घेतला, अर्धा तास बसले आणि गेले. दादा रात्री जेवला नाही.

कुणीतरी सांगितलं की परदेशातल्या आपल्या दूतावासात व्यापारासाठी वेगळा विभाग असतो, त्यांना लिहा. मी अबुधाबीच्या दूतावासाला मेल केला आहे. ते त्या माणसाकडून पैसे वसूल करून देऊ शकतात का? नसतील, तर त्यांचं काम नेमकं काय? आणि आमच्याकडून काय पाठवायला हवं?

अण्णा_वाशी

ताई, निर्यातीच्या कागदपत्रांत माझी तीस वर्षं गेली. आधी स्पष्ट सांगतो, म्हणजे चुकीच्या आशेवर दिवस जायचे नाहीत. दूतावासाला त्या देशात वसुलीचा कसलाही अधिकार नाही. १९६१च्या व्हिएन्ना करारात दूतावासाच्या कामांमध्ये आर्थिक संबंध वाढवणं लिहिलंय, पण यजमान देशातल्या व्यापाऱ्याला नोटीस बजावणं, त्याचा माल जप्त करणं हे तिथल्या न्यायालयाचंच काम.

मग वाणिज्य विभाग करतो काय? आपल्या मालाला तिथे कोण घेणारे आहेत त्याची माहिती देतो, तिथले आयातीचे नियम आणि शुल्क समजावतो, दुबईच्या गल्फूडसारख्या खाद्यप्रदर्शनांत आपल्या निर्यातदारांना मदत करतो, खरेदीदार-विक्रेता भेटी घडवतो. १ मे २०२२ पासून भारत-अमिराती सेपा हा व्यापार करार लागू आहे. त्यातल्या सवलती, उगमाचा (माल भारतातलाच असल्याचा) दाखला यांबद्दलच्या शंकाही त्यांना विचारता येतात. जपानची जेट्रो ही व्यापारसंस्था १९५८ साली आणि कोरियाची कोट्रा १९६२ साली याच कामासाठी उभी राहिली, म्हणजे आपल्या छोट्या उद्योजकाला परमुलखात कुणीतरी आपलं असावं म्हणून. आपल्याकडे हे काम मुख्यतः दूतावासातल्या मोजक्या माणसांवर असतं.

तंट्यात ते मध्यस्थी करतात. खरेदीदाराला पत्र लिहितात, फोन करतात, कधी समोरासमोर बोलावतात. सरकारी शिक्क्याचं पत्र टेबलावर आलं की ज्याला त्या बाजारात पुढेही धंदा करायचाय तो बऱ्याचदा बोलायला तयार होतो. पळूनच जायचं ठरवलेल्यावर त्याचा परिणाम होत नाही. तेव्हा तुमचा माणूस यातला कोणता, ते आधी शोधा.

आणि मेल चुकीच्या दारात गेलाय. खरेदीदार दुबईचा असेल तर दुबईतल्या भारतीय महावाणिज्य दूतावासाला लिहा. दुबई, शारजा आणि उत्तरेकडच्या अमिराती त्यांच्याकडे येतात.

एक महत्त्वाचं विचारतो. हुंडी स्वीकारल्याचा, बँकेने बँकेला पाठवायचा स्विफ्ट संदेश, एमटी ४१२, तुमच्या बँकेकडे आलाय का? आणि माल काळा पडल्याची तक्रार त्याने लेखी केली का? कोणत्या तारखेला?

द्राक्षवेल

अण्णा, मनापासून आभार. लेखी तक्रार नाही, फक्त व्हॉट्सअॅपवर एक निरोप आहे, तोही माल उचलल्यानंतर ५३ दिवसांनी. फोटो मागितले तर पाठवले नाहीत. एमटी ४१२बद्दल बँकेत विचारते.

आमच्याकडे त्याच लॉटची १५ किलोची एक पेटी कोल्ड स्टोरेजमध्ये राखून ठेवली आहे. तुमचं वाचून आज जाऊन उघडली. रंग तसाच हिरवट पिवळा, दाणा मोकळा, मूठभर घेऊन सोडला तर हाताला चिकटत नाही. कुठे साखर धरलेली नाही. मी तिथेच उभी राहून रडले, खरं सांगते.

अण्णा_वाशी

ती पेटी पुन्हा उघडू नका. सील करा, त्यावर तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि त्यातला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. तुमचा तंटा मालाच्या दर्जाचा नसून पैसे न देण्याचा आहे, हे पहिल्या ओळीत यायला हवं. त्याने हुंडी स्वीकारली, माल ताब्यात घेतला, आणि मुदत संपत आल्यावर खोट काढली. हा क्रम तारखांसह एका पानात मांडा. दहा पानी कहाणी कुणी वाचत नाही.

सोबत ऑर्डरचा मेल, बीजक, बिल ऑफ लेडिंग (जहाजाची मालपावती), फायटो (पीक रोगमुक्त असल्याचा दाखला), हुंडीची प्रत, बँकेचा पत्रव्यवहार, आणि खरेदीदाराचा परवाना क्रमांक.

याच कागदांवर डीजीएफटी, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवा. विदेश व्यापार धोरणात गुणवत्ता तक्रारी आणि व्यापार तंट्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, त्यात खरेदीदाराने पैसे न देणं स्पष्टपणे येतं. दूतावास आणि डीजीएफटी दोन्हीकडे एकच कागद, एकच तारखा जाऊ द्या.

बँकेला मात्र अंधारात ठेवू नका. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा सीमाशुल्काचा कागद, पैसे न आल्याने बँकेच्या नोंदीत उघडं राहिलं आणि पैसे आणायची मुदत टळली तर उद्या तुमचीच पुढची निर्यात अडेल. मुदतवाढीचा अर्ज आधीच द्या.

शारजाकर

ताई, मी मिरजेचा, इथे १४ वर्षं आहे. सुकामेव्याचा घाऊक बाजार दुबईच्या देरा भागात अल रासला आहे, खाडीच्या काठाला. खरेदीदाराचा परवाना क्रमांक मला निरोपातून पाठवा, इथे जाहीर लिहू नका. दुबईच्या अर्थ व पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर परवाना चालू आहे की संपलाय ते दिसतं. शुक्रवारी मी त्या बाजूला जाणारच आहे, दुकान उघडं आहे का ते बघून येतो. आत जाऊन वाद घालणार नाही, ते माझं काम नव्हे आणि तुमच्या प्रकरणाला त्रासच होईल.

कायदा_कोल्हापूर

दूतावासाच्या मध्यस्थीतून काही निघालं नाही तर न्यायालय. त्यासाठी तिथल्या वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र लागेल. ते इथे नोटरी करून परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं, कागदांचं अधिकृत अरबी भाषांतरही लागतं. याला वेळ जातो, म्हणून तयारी आत्ताच सुरू करा. वकिलांची यादी वाणिज्य दूतावासाकडे मागून पाहा. करारात लवादाचं कलम आहे का तेही तपासा. दोन्ही देश १९५८च्या न्यूयॉर्क करारात आहेत, त्यामुळे लवादाचा निवाडा तिथे अमलात आणता येतो.

अण्णा_वाशी

दादाला एक निरोप सांगा. पुढचा माल डीपीवर, म्हणजे आधी पैसे मग कागद, किंवा ईसीजीसीचा निर्यात विमा काढून. मुंबईची ही सरकारी कंपनी १९५७पासून याच जोखमीसाठी आहे. आणि नवा खरेदीदार आला की माल पाठवण्याआधी त्याची चौकशी वाणिज्य विभागाकडे करायची. दूतावासाचा खरा उपयोग तिथे आहे. आपल्याला त्यांची आठवण पैसे अडकल्यावर येते, याचं मला कायम वाईट वाटत आलंय.

शारजाकर

जाऊन आलो. परवाना चालू आहे. दुकान उघडं आहे, पाटी तीच, दारात पेट्या उतरत होत्या. म्हणजे पळालेला नाही.

द्राक्षवेल

शारजाकर दादा, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, मिरजेचा माणूस आपल्यासाठी एवढा गेला.

दुबईच्या महावाणिज्य दूतावासाला एका पानाचा तक्ता आणि नऊ कागद पाठवले. दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांनी तक्रारीचा क्रमांक दिलाय आणि हुंडी स्वीकारल्याचा पुरावा मागितलाय, अण्णा, तुम्ही सांगितलेलाच. डीजीएफटीकडेही नोंद झाली. बँकेच्या साहेबांनी एमटी ४१२ शोधून काढलाय, उद्या साडेदहाला शिक्का मारलेली प्रत देणार आहेत. दादा स्वतः जातोय आणायला. त्या आजोबांनाही सोबत नेतोय.