अनुभव धागा: माळव्याला आलेले अवचित रंग

ऊन तापलं की सोलापुरात गच्चीवरच्या आणि परसातल्या माळव्याचे रंग बिघडतात. लाल व्हायचा टोमॅटो केशरीवर अडकतो, वांगं विटतं, डाळिंब बाहेरून झकास पण आत फिकं निघतं. बहुतेकजण आधी औषधाच्या दुकानात जातात. इथे लिहिताना फळ कोणतं, रंग कोणता, महिना कोणता आणि डाग उन्हाच्या बाजूला की सावलीच्या, एवढं नक्की सांगा. अर्धं निदान तिथेच होतं. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचा भाग दिला आहे.

जुळे सोलापूर, गच्ची

टोमॅटोची लाली म्हणजे लायकोपीन. फळ ३०-३२ अंशांच्या वर तापलं की ते तयार होणं थांबतं, पिवळं-केशरी कॅरोटीन मात्र बनत राहतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवाच चाळीस अंशांवर आणि उन्हातलं फळ त्याहून गरम. त्यामुळे झाडावर लाल होईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, नुसतं मऊ पडतं. बुडाला रुपयाएवढी गुलाबी छटा दिसली की तोडा आणि कूलरच्या खोलीत कागदावर एकेरी थरात, देठ खाली करून ठेवा. २० ते २५ अंशांत चार-सहा दिवसांत लाल होतो. फ्रिजमध्ये कच्चा ठेवला तर पिकणं बंद होतं आणि चवही जाते.

देठाभोवती हिरवा-पिवळा कडक पट्टा राहतो त्याचं कारण वरून पडणारं ऊन आणि कमी पडलेलं पालाश (पोटॅश). पश्चिमेच्या बाजूने ५० टक्के शेडनेट बांधा, पानं खुडू नका. फळं सुपारीएवढी झाल्यावर ०:०:५० हे पालाशाचं विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, दर १०-१२ दिवसांनी फवारा. पालाश मिळतं म्हणून राख टाकायची सवय इथे चुकीची आहे. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी क्षारांचं, आणि राख सामू (pH) आणखी चढवते.

विजापूर रोड

जुळे सोलापूरच्या ताईंचं बरोबर आहे, पण प्रत्येक पिवळा टोमॅटो उन्हाचा नसतो. उन्हाचा पिवळेपणा सगळ्या फळावर सारखा, नाहीतर फक्त वरच्या बाजूला असतो आणि पानं ठणठणीत असतात. फळावर गोल कडी किंवा हिरवे-पिवळे-लाल वेडेवाकडे चट्टे, कापल्यावर आत कडक तपकिरी गर, शेंडा काळपट होऊन मान टाकलेला, असं असेल तर विषाणू. २०२० च्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुणे पट्ट्यात असेच चट्टे आले तेव्हा शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं होतं. यावर फवारणीचं औषध नाही. झाड उपटायचं, पिशवीत बांधून टाकायचं. वाहक म्हणजे फुलकिडे आणि मावा. निळे-पिवळे चिकट सापळे रोपं लावतानाच टांगा, चट्टे दिसल्यावर उपयोग नाही.

भेंडीचंही तसंच. शिरा पिवळ्या आणि भेंडी पांढुरकी म्हणजे केवडा, पसरवते पांढरी माशी.

होटगी रोड, परसबाग

वांग्याचा जांभळा रंग उजेडावर बनतो. टोपी उचलून बघा, खाली पांढरं असतं. पान चिकटून बसलेलं असेल तर पानाच्या आकाराचा फिका ठसाही उमटतो. तो रोग नव्हे, खायला काही अडचण नाही. कडक उन्हाळ्यात मात्र रंग उजेड असूनही विटतो, कारण उष्णतेने जांभळं द्रव्य टिकत नाही.

पिवळसर-तांबूस आणि निस्तेज झालेलं वांगं वेगळं. ते जून झालेलं. अंगठ्याने दाबा: खळगा लगेच भरून आला तर भाजीचं, तसाच राहिला तर बी पक्कं झालं. भरल्या वांग्याला तर नकोच, कडवटही लागतं. बियाला ठेवायचं असेल तरच झाडावर सोडा, पण संकरित वाणाचं बी धरू नका. पुढच्या पिढीत हिरवी, पांढरी, पट्ट्यांची अशी सरमिसळ निघते आणि मग नर्सरीवाल्याला शिव्या बसतात.

शेळगी

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत हिरव्या मिरचीवर जांभळट-काळी छटा येते. रात्री गार आणि दिवसा लख्ख ऊन असलं की असं होतं. मिरची लाल झाली की छटा आपोआप जाते. खोलगट डाग, त्यात एकात एक कडी आणि काळे ठिपके दिसले तर ती फळकूज, ती मिरची बाहेर काढा. पांढरा कागदासारखा पापुद्रा म्हणजे उन्हाने भाजलेली.

शेजारी जांभळी मिरची लावली म्हणून आपली हिरवी जांभळी झाली, हे खरं नाही. परागाचा परिणाम बियात होतो, या वर्षीच्या सालीवर नाही. फरक दिसेल तो त्या बियातून आलेल्या झाडावर. बी शुद्ध हवं तर कळी उमलायच्या आधी पातळ मलमलची पिशवी बांधा, पराग झडावा म्हणून रोज टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधून खूण करा. मका याला अपवाद. त्याचा दाणा हीच पुढची पिढी, म्हणून एका कणसात पांढरे-पिवळे-जांभळे दाणे येऊ शकतात.

केगाव-बाळे पट्टा

डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याच केगावात, तरी घरच्या झाडाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज डाळिंबाचे. साल लाल म्हणजे दाणे लाल, असं समीकरण नाही. ‘भगवा’ वाणाचे दाणे कडक उन्हाळ्यात भरले तर फिके गुलाबी राहतात. आंबे बहाराचं फळ मार्च ते जूनच्या उन्हात वाढतं, मृगाचं थंडीत पिकतं, म्हणून मृगाचे दाणे गडद. एकाच झाडावर हे दोन्ही दिसेल, झाड बदललेलं नसतं. आणि गणेश वाण असेल तर दाणे मुळातच फिके, त्याला खत घालून भगवा होत नाही.

सालीवरच्या काळपट डागात घोळ होतो. पश्चिम किंवा नैऋत्येच्या बाजूलाच कोरडा, चामड्यासारखा तपकिरी चट्टा असेल तर ऊन. फळ लिंबाएवढं झाल्यावर पांढरी कापडी पिशवी घाला किंवा केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) लिटरला ५० ग्रॅम फवारा. डाग तेलकट, कुठल्याही बाजूला, नंतर त्यावर वाय किंवा एलच्या आकाराची भेग पडली तर तेल्या रोग. अशी फळं आणि डागाळलेली पानं गोळा करून जाळा, कात्री दर झाडानंतर निर्जंतुक करा.

तिसरा प्रकार जास्त फसवा: बाहेर डाग नाही, आत दाणे चहाच्या रंगाचे, मऊ, उग्र वासाचे. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की होतं, मोठ्या फळांत अधिक. फुलावर दोरा बांधून तारीख लिहा. भगवा साधारण १८० दिवसांत तयार होतो. आकार वाढेल म्हणून पुढे ओढू नका.

नान्नजकडचा रस्ता, अंगणातला मांडव

हिरव्या द्राक्षात गुलाबी मणी येतात ते मण्यात पाणी उतरताना (मणी मऊ पडू लागताना) रात्रीचा पारा फार उतरला म्हणून. नाशिकला हे जास्त, आपल्याकडे एखाद्या वर्षी. पाणी उतरायच्या आधी घड वर्तमानपत्रात गुंडाळा.

पण एकाच फांदीवर, दर हंगामात, वेगळाच रंग येत असेल तर तो फांदीच्या डोळ्यातला (कोंबातला) जनुकीय बदल. नान्नजच्या नानासाहेब काळे यांची काळी शरद सीडलेस अशाच नैसर्गिक बदलातून निवडलेली. ती फांदी जपायची तर बी नको, त्याच फांदीची काडी लावा किंवा डोळा भरा. आणि दोन हंगाम बघूनच ठरवा, एका वर्षाचा रंग हवेचाही असतो.

अक्कलकोट रोड

थोडक्यात उरलेलं. बीट कापल्यावर पांढरी वर्तुळं: उष्णता आणि पाण्याची ओढाताण, म्हणून नोव्हेंबरातच पेरा आणि माती सुकू देऊ नका. गाजराचा माथा हिरवा: उघडा पडला, मातीची भर द्या. फ्लॉवरचा गड्डा पिवळट: ऊन लागलं, मुठीएवढा झाला की त्याचीच पानं वर बांधा. कागदी लिंबू हिरवंच राहिलं: रात्री गार नाहीत, रस भरला असेल तर रंगाची वाट पाहू नका.

जांभळा घेवडा शिजवला की हिरवा होतो, रंग पाण्यात जातो आणि उष्णतेने मोडतो. कोशिंबिरीत कच्चा घातला तरच दिसेल. लिंबाच्या लोणच्यात लसूण निळा-हिरवा पडतो तो आम्लामुळे, खायला हरकत नाही. नको असेल तर पाकळ्या दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, पूर्ण कोरड्या करून मग घाला.

जुळे सोलापूर, गच्ची

खायला हरकत नसलेल्या या रंगांत बटाटा नको मोजायला. हिरवा झालेला बटाटा उकळूनही सुरक्षित होत नाही, त्यातलं सोलानिन हे विष शिजवल्याने जात नाही. बारीक हिरवा डाग असेल तर जाड काप काढून टाका, बराच भाग हिरवा किंवा चव कडू असेल तर सबंध फेका. कुंडीत बटाटा लावला असेल तर रोप वीतभर झालं की मातीची भर, आणि मग दर पंधरवड्याला.