इमिक्विमॉड क्रीम लावून जागा लाल झाली आहे, पुढे लावायचं की थांबायचं?

प्रश्न
गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी डॉक्टरांनी इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम दिलं आहे, आठवड्यातून तीन रात्री. आता दुसरा आठवडा चालू आहे. जागा लाल आहे, खाज येते आणि एका चामखिळीच्या कडेची कातडी सोलवटून ओलसर झाली आहे. चामखिळी मात्र जशाच्या तशा. रोज लावलं तर लवकर जातील का? सकाळी नुसतं पुसून काढलं तर चालेल का?

उत्तर १
रोज अजिबात लावू नका. हे औषध चामखीळ जाळत नाही. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करतं आणि मग शरीरच विषाणूग्रस्त पेशी काढून टाकतं. त्याला वेळ लागतो. कोर्स जास्तीत जास्त १६ आठवड्यांचा असतो आणि दुसऱ्या आठवड्यात फरक न दिसणं नेहमीचंच. प्रमाण वाढवलं की चामखीळ तशीच राहते आणि भोवतालची चांगली कातडी सोलून निघते.

लालसरपणा आणि थोडी खाज अपेक्षित आहे, त्यासाठी थांबायची गरज नाही. ओलसर, सोललेली जागा मात्र वेगळी. तिथे काही दिवस औषध बंद ठेवा, कातडी भरू द्या, मग पुन्हा त्याच तीन रात्रींच्या क्रमाने सुरू करा. चुकलेले डोस भरून काढायला दुप्पट लावू नका. खाज थांबावी म्हणून घरातलं स्टिरॉइडचं मलमही लावू नका, जी प्रतिकारशक्ती हवी आहे तीच त्याने दबते.

लावताना: हात धुवा, जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, फक्त चामखिळीवर पातळ थर द्या आणि क्रीम दिसेनासं होईपर्यंत हलकं चोळा. पांढरा थर वर दिसतोय म्हणजे जास्त झालं. वर पट्टी बांधू नका, हात पुन्हा धुवा. ६ ते १० तासांनी सौम्य साबण आणि पाण्याने धुवायलाच हवं, पुसून औषध पूर्ण निघत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवले की गोंधळ होत नाही. उघडलेल्या पुडीत उरलेलं क्रीम टाकून द्या.

उत्तर २
एक भर घालतो, कारण इथे घोटाळा फार होतो. पोडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के हे घरी लावायचं दुसरं औषध, पण त्याचा क्रम वेगळा: ३ दिवस सकाळ-संध्याकाळ, मग ४ दिवस पूर्ण सुट्टी, अशी जास्तीत जास्त ४ आवर्तनं. ते पेशींची वाढ थेट रोखतं, म्हणून दिवसाला ०.५ मिलीपेक्षा जास्त नाही आणि एकूण १० चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठ्या भागावर नाही. लावल्यावर जागा वाळू द्या, तोवर कातडीला कातडी चिकटू देऊ नका. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. इमिक्विमॉडही गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पोडोफायलिन राळेचं द्रावण नावाने जवळचं वाटलं, तरी ते दवाखान्यातच लावायचं असतं. आणि हातापायाच्या चामखिळीसाठी मिळणारं सॅलिसिलिक आम्ल गुप्तांगावर कधीही नको, तिथली पातळ कातडी भाजते.

उत्तर ३
योनिमार्गाच्या आत, गुदद्वाराच्या आत किंवा लघवीच्या छिद्रात चामखीळ असेल तर घरी काही लावू नका. लिंगाच्या पुढच्या कातडीखाली चामखीळ असेल तर कातडी रोज मागे घेऊन धुवा. सूज येऊन ती मागे जाईनाशी झाली तर औषध बंद करून लगेच दाखवा. लघवीला त्रास, पसरत जाणारी जखम, ताप आणि अंगदुखी या वेळीही तेच.

क्रीम अंगावर असताना संबंध टाळा. इमिक्विमॉडने कंडोम कमकुवत होतो, त्यामुळे आधी धुणं भाग आहे. कोर्स चालू असताना त्या भागावर वस्तराही फिरवू नका, बारीक चिरांतून विषाणू शेजारी पसरतो.

रंग काळपट, स्पर्शाला कडक, आपोआप रक्त येणारी किंवा उपचाराने न हलणारी गाठ पुन्हा तपासून घ्यावी, गरज पडल्यास तुकडा काढून. सिफिलिसमध्येही चपटे, ओलसर फोड येतात आणि ते चामखिळीसारखे दिसतात, म्हणून रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या.

चामखिळी गेल्यावर पहिले तीन महिने त्या जागेवर लक्ष ठेवा, पुन्हा उगवल्या तर बहुधा याच काळात उगवतात.