हायसिंथबाई शिष्ट, शिष्ठ की आणखी काही?

उंबरठा:
इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे. अभिनेत्री पॅट्रिशिया रूटलेज ऑक्टोबर २०२५ मध्ये गेल्या, ९६ वर्षांच्या होत्या. त्यांची 'कीपिंग अप अपिअरन्सेस' (म्हणजे लोकांसमोर दिखावा टिकवणं) ही बीबीसीची विनोदी मालिका (१९९० ते ९५) मी इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीत नवीन आले तेव्हा शेजारच्या आजींच्या दिवाणखान्यात बसून पाहिली. इंग्रजी नीट कळत नव्हतं, पण त्यांनी रंगवलेली हायसिंथबाई पहिल्या भागातच कळली. आजींनी मग मला जवळच्या बिन्ली वुड्समधलं मालिकेतलं ते घरही बाहेरून दाखवलं.

बाईचं आडनाव बकेट, म्हणजे बादली, पण सगळ्यांकडून 'बुके', म्हणजे पुष्पगुच्छ, म्हणवून घेणार. एका बहिणीकडे मर्सिडीज आहे, हे दहादा सांगणार आणि दुसऱ्या बहिणीचा बनियनवर बसलेला नवरा ऑन्स्लो कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणार. मी लिहिलं, 'हायसिंथ शिष्ट आहे.' मसुदा वाचणाऱ्या काकांनी विचारलं, "शिष्ट म्हणजे सुसंस्कृत ना? मग तू कौतुक करते आहेस की नावं ठेवते आहेस?" दुसऱ्या एकांनी 'शिष्ठ' अशी दुरुस्ती करून पाठवलं. माझ्या माहेरी डोंबिवलीला 'शिष्ट' म्हणजे नाक वर करून चालणारी, एवढाच अर्थ होता. काय ठेवू?

पाटीपेन्सिल:
'शिष्ठ' असा शब्दच नाही, ती दुरुस्ती आधी काढून टाका. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला 'ष्ठ' हा 'सर्वांत अमुक' असं सांगणारा प्रत्यय आहे. शिष्ट हा 'शास्' धातूपासून आला, म्हणजे ज्याला शिकवलं आहे तो. शिष्य त्याच घरातला. शिष्टाचार, शिष्टमंडळ हे शब्द आपण रोज वापरतो. चांगल्या शब्दाला वाईट अर्थ चिकटवायचा आणि मग वाचकाला कळत नाही म्हणून हळहळायचं, हे मला पटत नाही. सरळ 'घमेंडखोर' लिहा.

रातराणी:
घमेंडखोर अजिबात नाही ती! घमेंड असलेल्या माणसाला लोक काय म्हणतील याची भीती नसते. हायसिंथचा सगळा जीव त्या भीतीत आहे.

माझी आत्या अशीच होती. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे सहा कप. पाहुणे आले की ते निघायचे आणि कप हातात देताना आत्या त्याची बशी क्षणभर सोडायचीच नाही. आपण आपल्याकडे ओढतोय, ती तिच्याकडे. मालिकेतली शेजारीण एलिझाबेथ कॉफी घ्यायला येते आणि तिचे हात कापायला लागतात, ते पाहिलं की मला आत्याच्या घरातली ती बशी आठवते. एरवी धडधाकट बाई, पण त्या टेबलाशी बसली की कॉफी सांडायचीच.

आत्याला सगळे शिष्टच म्हणायचे. रीतभात इतकी पाळायची की समोरच्याला घास गिळवू नये, याला दुसरा शब्द मला माहीत नाही. चांगल्या अर्थातूनच वाईट अर्थ निघाला आहे, पाटीपेन्सिल. तो चिकटवलेला नाही.

संत्राबर्फी:
आमच्या नागपूरच्या घरात अशा माणसाला आखडू म्हणतात. 'लई आखडू बाई आहे.' तुमचं शिष्टबिष्ट मी पुण्याला शिकायला आल्यावर पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्याच बाबतीत, कारण मी मेसमध्ये कोणाशी बोलत नव्हते. लाजत होते खरं तर.

रातराणी:
आखडूत ताठा आहे. हायसिंथ ताठ कुठे आहे? ती तर पुढे पुढे करते.

गोठण:
शिष्टचं काय ते ठरवा, पण बकेट-बुकेचं काय करणार? खरी अडचण ती आहे. इंग्रजीत एकच लेखन आणि वाचायच्या दोन तऱ्हा, म्हणून गंमत. देवनागरीत जसा उच्चार तसं अक्षर. 'बकेट' लिहिलंत की कोणीही 'बुके' वाचणार नाही. आणि बादली करून तर काहीच हाती लागत नाही.

बादलीवरून आठवलं, आमच्याकडे मालवणात आजी बालदी म्हणायची. शाळेत बाईंनी ते चूक ठरवलं होतं. पुढे कळलं की पोर्तुगीज 'बाल्द'ला जवळचा शब्द आजीचाच. बादलीत ल आणि द यांनी जागा बदलल्या आहेत.

पाटीपेन्सिल:
बरोबर, हा वर्णविपर्यय. घमेलंही पोर्तुगीजच, 'गामेला'वरून. चावी, पगार, हापूस, सगळी त्याच गलबतातली मंडळी.

संत्राबर्फी:
आणि साबण.

पाटीपेन्सिल:
साबण नको त्यात. अरबी-फारसीत 'साबून' आधीपासून आहे.

गोठण:
किनाऱ्यावर पोर्तुगीजांकडूनही आला असेल की. एक शब्द दोन वाटांनी येऊ नये असं कुठे आहे?

उंबरठा:
मंडळी, बादलीबद्दल कळलं ते आवडलं, पण माझा लेख शुक्रवारी छपाईला जातोय. मालिकेच्या नावाचंही मराठी हवं आहे. 'बडा घर पोकळ वासा' सुचवलंय एकांनी.

रातराणी:
नको. पोकळ वासा म्हणजे आत काहीच नाही. हायसिंथचं घर पोकळ नाही, नवरा रिचर्ड आहे ना तिथे! इतकी वर्षं तिच्यासोबत राहिला. 'चारचौघांत' एवढंच ठेवा. 'चारचौघांत असं बोलू नये' हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलंय त्याला सगळी मालिका कळेल.

जुनापार:
'चारचौघांत' उत्तम. या मालिकेचे लेखक रॉय क्लार्क. त्यांचीच 'लास्ट ऑफ द समर वाइन' १९७३ ते २०१० चालली, २९५ भाग, सगळे त्यांनी एकट्याने लिहिलेले. यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावात तीन म्हातारे दिवसभर हिंडतात आणि बोलतात, बाकी काही घडत नाही. मी वडिलांच्या आजारपणात ती रोज एक भाग बघायचो. आमच्या गावच्या पारावरची माणसं तशीच होती. कोणाचं काही अडलेलं नाही, पण जेवायची हाक येईपर्यंत कोणी उठत नाही. अशा मालिकेला 'सिटकॉम' (सिच्युएशन कॉमेडी) म्हणायचं का? मी कुठेतरी 'प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका' वाचलं.

पाटीपेन्सिल:
मग तेच वापरा. प्रसंगनिष्ठ विनोद हा शब्द आपण शाळेत शिकलो आहोत.

जुनापार:
पण यांत विनोद प्रसंगातून येत नाही, माणसाच्या स्वभावातून येतो. हायसिंथच्या जागी दुसरी बाई ठेवा, तोच प्रसंग, हसू येणार नाही. शब्द शुद्ध आहे, पण खरा नाही.

उंबरठा:
हे मी लेखात घेऊ का? आणि 'शिष्ट' सध्या तसाच ठेवते, ट लावून. काका पुन्हा विचारतील.

पाटीपेन्सिल:
अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे त्यांना कळेल. गोठण, तुमच्या आजीच्या घरी लोखंडी आणि प्लास्टिकच्या, दोन्हींना बालदीच म्हणायचे का?

गोठण:
नाही. विहिरीवरची पत्र्याची ती बालदी. न्हाणीत निळी प्लास्टिकची आली, तिला सगळे बादली म्हणायला लागले, आजीसुद्धा. पण विहिरीवरच्या बालदीला ती कधी बादली म्हणाली नाही.