शब्दचर्चा : खालसा

काकतीकर :
'कित्तूर खालसा झालं' असं आपण सर्रास म्हणतो. खालसा म्हणजे नक्की काय? जप्त? की बुडालेलं? आणि शिखांचा खालसा पंथ, तो शब्द हाच का?

शहापूरकर :
हाच. मूळ अरबी 'खालिस', म्हणजे निर्भेळ. मोगलाईत ज्या जमिनीचा सारा जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात पडे, ती खालसा. मधे कुणी नाही, हा त्यातला गाभा. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूरला खालसा पंथ स्थापला. तिथेही मसंद नावाचे मधले लोक दूर झाले आणि शीख थेट गुरूचा झाला, असा अर्थ लावतात. तेव्हा खालसा करणे म्हणजे मधला धनी काढून मुलूख थेट सरकारात घेणे. 'बुडवणे' ही छटा मागाहून चिकटली, कारण ज्याचं गेलं त्याच्या दृष्टीने ते बुडणंच.

आमच्या भागाला तर या शब्दावाचून गत्यंतर नव्हतं. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, आणि त्याला खेटून असलेलं बेळगाव इंग्रजी अंमलात, म्हणजे खालसात. रायबाग कोल्हापूरकरांचं, रामदुर्ग वेगळं संस्थान. गाव संस्थानी की खालसा, यावर कचेरी कुठली ते ठरायचं.

बैलहोंगलहून :
कित्तूरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. दत्तक नामंजूर म्हटलं की शाळेपासून डलहौसी डोळ्यांपुढे येतो, सातारा १८४८, मग नागपूर, झाशी. पण कित्तूरचं दत्तक नाकारलं गेलं ते १८२४ मध्ये, साताऱ्याच्या चोवीस वर्षं आधी! देसाई शिवलिंगरुद्रसर्ज वारले, घेतलेलं दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे मानेना. राणी चन्नम्मा उभी राहिली. २३ ऑक्टोबरला किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत थॅकरे मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आणून इंग्रजांनी किल्ला घेतला. राणी इथे बैलहोंगलला कैदेत होती, १८२९ मध्ये इथेच वारली. तिची समाधी गावात आहे.

त्या लढाईत दोन इंग्रज अधिकारी राणीच्या हाती लागले होते. त्यातला वॉल्टर एलियट पुढे या मुलखातल्या कानडी शिलालेखांच्या नकला जमवणारा मोठा अभ्यासक झाला. हे इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं असं मला फार वाटतं.

खानापूरकर :
शहापूरकर काकांनी मूळ सांगितलंच आहे, त्याची भावंडं जोडतो. 'निखालस' त्याच खालिसपासून. यातला 'नि' नकाराचा नाही, निखालस माणूस म्हणजे आत-बाहेर एक असलेला. 'खलास' त्याच धातूचा, अरबीत त्याचा अर्थ सुटका. आपल्याकडे तो संपण्यावर आला.

आणि 'खुलासा'. अरबीत सार, मराठीत स्पष्टीकरण. कानडीत मात्र 'खुलासे' म्हणजे कोर्टातून निर्दोष सुटणं. बेळगावात दोन्ही भाषांची वर्तमानपत्रं वाचणाऱ्याने इथे जपावं. कानडी मथळ्यात 'आरोपी खुलासे' दिसलं तर आरोपीने काही खुलासा केलेला नसतो, तो सुटलेला असतो.

काकतीकर :
म्हणजे अरबीतला सुटकेचा अर्थ कानडीने राखला आणि आपण सोडला. आमच्या काकतीत दोन्ही भाषा चालतात, घरी आज हेच सांगतो. आभार.