मदत हवी आहे : पोहता न येणाऱ्या नवशिक्याने जेट स्की स्वतः चालवावी का?

आम्ही दोघे ऐरोलीहून डिसेंबरमध्ये तीन दिवसांसाठी तारकर्लीला जाणार आहोत. नागावच्या किनाऱ्यावर मी एकदा जेट स्कीवर बसलो आहे. परंतु तेव्हा हँडल मागे बसलेल्या चालकाच्याच हातात होते आणि फेरी नीट बसेपर्यंत संपलीसुद्धा. या वेळी मार्गदर्शक सोबत ठेवून स्वतः चालवण्याची इच्छा आहे.

मला पोहता येत नाही, चष्मा आहे (दोरी लावून घेईन), वजन ९२ किलो आहे. लाइफ जॅकेट आणि पडल्यास इंजिन बंद करणारी मनगटावरची दोरी यांची माहिती वाचली आहे. थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटर) सोडला की जेट स्की वळत नाही, हेही वाचले. खरी धास्ती त्याचीच आहे, कारण स्कूटरवर घाबरल्यावर माझा हात आधी ॲक्सिलरेटर सोडतो. दोन चालकांना फोन करून विचारले, तर दोघांनीही "काही होत नाही, साहेब" एवढेच सांगितले.

म्हणून, ज्यांनी स्वतः चालवली आहे त्यांना विचारतो : मार्गदर्शक मागे बसलेला बरा, की वेगळ्या जेट स्कीवरून पुढे जाणारा? आणि पाण्यात पडल्यावर पोहता न येणारा माणूस मागच्या बाजूने पुन्हा वर चढू शकतो का?