मदत हवी आहे: एसक्यूएल सर्व्हर २०१९ ची चाचणी मुदत संपली, आता लायसन्स की टाकूनही एडिशन अपग्रेड होत नाही

प्रॉडक्शन सर्व्हरवर (म्हणजे रोजचं खरं काम चालणाऱ्या सर्व्हरवर) चुकून एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची इव्हॅल्युएशन एडिशन, म्हणजे चाचणी आवृत्ती, बसवली गेली होती. १८० दिवस संपले आणि काल रात्रीपासून डेटाबेस इंजिनची सर्व्हिस सुरूच होत नाही. एरर लॉगमध्ये मुदत संपल्याचं स्पष्ट लिहिलं आहे.

स्टँडर्ड एडिशनचं रीतसर लायसन्स आणि की हातात आहे, त्यामुळे 'फुकटची की' कृपया कोणी सुचवू नका. सेटअपमधून मेंटेनन्स, मग एडिशन अपग्रेड केलं. की स्वीकारली गेली, पण पुढे इंजिन हेल्थ चेकचा नियम (इंजिन नीट चालू आहे का, ही सेटअपची तपासणी) फेल होतो, कारण सर्व्हिस बंद आहे. म्हणजे सर्व्हिस सुरू नाही म्हणून अपग्रेड नाही, आणि अपग्रेड नाही म्हणून सर्व्हिस नाही! सेटअप रिपेअर करूनही तेच.

एकच डिफॉल्ट इन्स्टन्स (एसक्यूएल सर्व्हरची बसवलेली प्रत) आहे, क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक सर्व्हर) नाही. काल संध्याकाळचा फुल बॅकअप आहे, शिवाय एमडीएफ आणि एलडीएफ (डेटाबेसचा डेटा आणि लॉग) फाइल्सची वेगळी कॉपी काढून ठेवली आहे. सगळं काढून नव्याने बसवणं शक्यतो टाळायचं आहे, कारण लॉगिन्स आणि जॉब्ज (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं) बरेच आहेत.

कमांड लाइनवरून सेटअप चालवताना स्किपरूल्स हा पर्याय वापरून हा नियम वगळता येतो असं कळलं. प्रॉडक्शनवर हे कोणी प्रत्यक्ष केलंय का, आणि त्यानंतर मास्टर व एमएसडीबी डेटाबेस (ज्यांत अनुक्रमे लॉगिन्स आणि जॉब्ज असतात) जसेच्या तसे राहिले का?