अळंबीच्या देठातल्या या अळ्या कसल्या?

रानवेडी: काल कुडाळजवळ वारुळावरची अळंबी मिळाली. आईने देठ उभा चिरला, तर आत बारीक बोगदे आणि अळ्या! ५-६ मिलिमीटर लांब, पांढुरक्या, पारदर्शक, डोकं काळं कुळकुळीत. पाय दिसले नाहीत. माशीच्या का?

किडेपुराण: काळं चकचकीत डोकं नि पाय नाहीत, म्हणजे बहुतेक बुरशीवरच्या चिलटांच्या. घरमाशीच्या अळीला असं वेगळं डोकं नसतं, पुढचं टोक निमुळतं असतं. भुंगेऱ्याची असती तर बहुधा ६ पाय दिसले असते.

रानवेडी: आजी म्हणायची, किडे खातात ती अळंबी बिनविषारी.

किडेपुराण: नाही हो ताई! विषारी अळंबीतही अशा अळ्या वाढतात. कळकळीने सांगतो, त्यावर विसंबू नका.

रानवेडी: आईलाही वाचून दाखवलं. मिठाच्या पाण्यात १४ अळ्या बाहेर आल्या.